क्रोटन आणि वाळा

नगर जिल्ह्यातील बहुतेक चर्चच्या आवारांत दोन गोष्टी हटकून दिसतात. एक, काळे दगड रचून बांधलेली लूर्द मातेची गुहा. आणि दुसरी, त्या गुहेसमोर किंवा धर्मगुरूंच्या बंगल्याच्या व्हरांड्यात ओळीने मांडलेल्या क्रोटनच्या कुंड्या. गुहा कोणी बांधली हे जुन्या माणसांना ठाऊक असते. क्रोटन कोणी आणले हे मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. जणू चर्चचा पाया खणला तेव्हाच ती झाडे जमिनीतून वर आली असावीत!

आमच्या बालमनावर या झाडांनी मोठी मोहिनी घातली होती. आमच्या घरापुढे शोभेचे झाड असे काही नव्हते. एक बाभूळ होती, तिच्या सावलीत शेळी बांधलेली असे. आणि मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळूचे बेट होते, ते शोभेसाठी नव्हे तर वड्यांसाठी. अशा घरातून रविवारी मिस्सेला निघालेले मूल चर्चच्या आवारात शिरे, तेव्हा तांबड्या, पिवळ्या, जांभळट, ठिपक्याठिपक्यांच्या पानांचे ते झाड त्याला स्वर्गातले वाटल्यावाचून राहत नसे. अंगावर फूल नसताना रंगांनी नटलेले झाड आम्ही दुसरे पाहिले नव्हते. पानाला हात लावण्याचीही छाती होत नसे. आपलेही दिवस पालटले, की दाराशी अशा दोन कुंड्या ठेवायच्या, असा निश्चय आमच्याप्रमाणेच आमच्या वस्तीतील अनेक मुलांनी मनोमन केला असेल.

पुढे चर्चच्या बागेची जबाबदारी आमच्याकडे आली. त्या जबाबदारीने आम्हांस दोन वनस्पतींची नीट ओळख करून दिली, आणि थोडीफार आमची आम्हांलाही.

प्रथम क्रोटनविषयी. या झाडाचे माहेर आपल्या देशात नाही. मलाया व इंडोनेशियाच्या बेटांपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंतच्या दमट प्रदेशात ते मूळचे वाढते. शास्त्रज्ञ त्याला कोडियम व्हेरिगेटम म्हणतात. सतराव्या शतकात अंबोन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियस नावाच्या जर्मन गृहस्थाने तेथील वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या झाडाचे वर्णन आहे. १६७० साली त्याची दृष्टी गेली; तरीही इतरांच्या डोळ्यांनी पाहत व इतरांच्या हातांनी लिहवून घेत त्याने काम पुढे नेले. ग्रंथ छापून निघू लागला तो त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून. झाडांमध्ये रंगांचा एवढा धनी, आणि त्याचे वर्णन करणाऱ्याच्या वाट्याला अंधार यावा, हा योग मनाला चटका लावणारा आहे.

क्रोटन हे आपल्या एरंडाच्या कुळातले. पान तोडले की चीक येतो, आणि तो कातडीला बाधतो. म्हणून लहान मुलांना व जनावरांना त्यापासून दूर ठेवावे. कोवळे पान बहुधा हिरवे असते. वय वाढेल तसे ते पिवळे, नारिंगी, तांबडे होत जाते. रंग चढण्यासाठी त्याला भरपूर उजेड हवा. मात्र दुपारचे कडक ऊन व तापलेला वारा सोसत नाही. माती सतत ओलसर हवी, पण पाणी साचून राहिलेले चालत नाही. हवेत दमटपणा हवा. यांपैकी एक गोष्ट बिघडली, की ते रुसते आणि पाने टाकू लागते.

आता आपल्या जिल्ह्याची हवा पाहा. अकोले तालुक्यातील घाटमाथा सोडला, तर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही कधी येईल आणि कधी दडी मारील याचा नेम नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि माळावरचा कोरडा वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर येतो. अशा ठिकाणी उघड्यावर क्रोटन लावणे म्हणजे कोकणातल्या लेकीला माणदेशात दिल्यासारखे आहे. ती नांदेल, पण तिच्यासाठी सासरच्यांना रोज विहीर उपसावी लागेल.

हे सारे ज्ञान आम्हांस आज आहे. २०१८ च्या जून महिन्यात ते नव्हते. मातेच्या गुहेभोवतालची जागा सुशोभित करावी असे धर्मग्रामाच्या समितीत ठरले, आणि आम्ही मोठ्या हौसेने चाळीस क्रोटन आणवले. गुहेच्या दोन्ही अंगांना वाफे केले, शेणखत भरले, विटांची तिरपी किनार लावली. पहिल्या दोन-तीन सरींनी झाडे टवटवीत झाली. ८ सप्टेंबरला मारियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी लोकांनी तोंडभरून कौतुक केले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेहून परतलेल्या एका आजींनी तर 'तिथल्यापेक्षा आपली माता नटली' असा निर्वाळा दिला. आम्ही सुखावलो.

त्यानंतर पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातीलही तालुके होते. फेब्रुवारीत आवारातील विहिरीने तळ दाखवला. मार्चपासून चर्चच्या वसतिगृहासाठी पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागू लागला. सरकारी टँकर गावात येई, त्याच्याभोवती हंड्यांची जी झुंबड उडे तिचे वर्णन नगरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे म्हणत, 'तेव्हा धान्य नव्हते, आता पाणी नाही.'

तरीही क्रोटनना पाणी चालू होते. झाडामागे अर्धी कळशी, म्हणजे चाळीस झाडांना रोज वीस कळश्या. ती आम्ही वसतिगृहाच्या टाकीतूनच घेत होतो. 'मातेची बाग आहे, वाळू देऊन कसे चालेल?' असे आम्हीच समितीत ठासून सांगितले होते आणि कोणी विरोध केला नव्हता. भक्तीच्या नावाने केलेल्या उधळपट्टीला विरोध करणे अवघड असते.

एप्रिलमधील एका सकाळी वसतिगृहातील एक मुलगा नळीने वाफ्यांत पाणी सोडत होता आणि आम्ही शेजारी उभे होतो. कुंपणापलीकडील वस्तीतील एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन फाटकाशी आली. ती आपल्या धर्माची नव्हती. थोडा वेळ ती नुसतीच पाहत राहिली. मग आमच्याकडे न पाहता त्या मुलाला म्हणाली, "झाडांचं झाल्यावर एक हंडा मिळंल का, पोरा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. झाडांचे आधी आणि माणसांचे मागाहून, हा आमच्या आवारातला क्रम तिने पाहिला होता आणि तो जणू न्याय्यच असावा अशा रीतीने आपला नंबर विचारला होता. आम्ही तिचा हंडा भरून दिला. पण त्या क्षणी मान वर करून गुहेतील मूर्तीकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

त्याच संध्याकाळी बागेचे पाणी बंद केले. वीस कळश्या रोज सकाळी फाटकाबाहेर ठेवलेल्या पिंपात जाऊ लागल्या. क्रोटननी आपला स्वभाव दाखवला. आठवड्याभरात पाने गळू लागली, आणि वैशाखाच्या वाऱ्याने उरलेली करपवली. चाळिसांपैकी नऊ झाडे वाचली. तीही कुंड्यांत उचलून उत्तरेच्या व्हरांड्यात नेली म्हणून.

पावसाळा तोंडावर आला, तेव्हा गुहेभोवती नुसता मुरूम उघडा पडला होता. गुहा थोड्या उतारावर असल्यामुळे दर पावसाळ्यात तेथील माती वाहून जाई, हे दुखणे जुनेच होते. दवाखान्यातील सिस्टरनी सुचवले, 'वाळा लावून पाहू या.' माठात टाकायचा, पडद्यांना लावायचा, सरबतात घालायचा तो सुवासिक वाळा. त्याची मुळेच आपण ओळखतो. वर वाढणारे गवत पाहिलेले फार थोडे. आम्ही हा विचार समितीपुढे मांडला, आणि अनपेक्षित ठिकाणाहून वादळ उठले.

आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध बाबा, जे समितीत क्वचितच तोंड उघडत, ते उठून उभे राहिले. "फादर, गवताचे भारे वाहून आमच्या बापाची मान मोडली," ते म्हणाले. "सायबाच्या घोड्याला गवत, पाटलाच्या बैलाला गवत. आता कुठं मातेपुढं चार रंगीत पानं आली, तर तिथंबी गवतच लावायचं म्हणता?"

सभा स्तब्ध झाली. बाबांच्या बोलण्यातील वेदना तेथील प्रत्येक घराला ठाऊक होती. जिल्ह्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज गावगाड्याच्या तळाशी होते. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराच्या मुक्कामी लाकूडफाटा आणि वैरण पोचवणे हे त्यांच्या वतनी कामांपैकी एक. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे हा भार बाबांच्या वडिलांच्या डोक्यावरून उतरून फार काळ लोटलेला नाही. क्रोटनची कुंडी ही त्यांच्या दृष्टीने हौस नव्हती. ज्या व्हरांड्यात आपल्या बापाला जोडे काढून उभे राहावे लागले असते, तशा व्हरांड्याची शोभा आता आपल्याही देवळाला आहे, याची ती खूण होती. लहानपणी आमच्याही मनाला त्या पानांनी भुरळ घातली होती ती याचसाठी, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

फादरांनी वाद घातला नाही. पुढल्या रविवारी प्रवचनात त्यांनी लूर्दची हकीकत सांगितली. ११ फेब्रुवारी १८५८ या दिवशी बर्नादेत घरातून निघाली होती ती सरपण गोळा करायला. तिचा बाप धंदा बुडालेला गिरणीवाला. सारे कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका ओलसट खोलीत राहणारे. मासाबिएलची ती गुहा म्हणजे गावाच्या कडेची टाकाऊ जागा. गावातली डुकरे तिकडे चरत. मातेने दर्शन द्यायला जागा निवडली ती अशी, आणि मुलगी निवडली तीही सरपण वेचणारी. २५ फेब्रुवारीला मातेने तिला झऱ्याचे पाणी प्यायला सांगितले, आणि तेथे उगवलेला रानपाला खायलाही सांगितले. बर्नादेतने चिखल उकरून गढूळ पाणी प्यायले, तो पाला खाल्ला, आणि जमलेले लोक तिला वेडी म्हणाले. 'त्या गुहेत शोभेचे एकही झाड नव्हते,' एवढे बोलून फादर थांबले. गवताबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

बाबांनी होकार दिला नाही, पण विरोधही सोडून दिला. २०१९ चा पाऊस उशिरा आला, परंतु जाता जाता भरभरून देऊन गेला. जुलैमध्ये वाळ्याचे ठोंब आणले, त्यांचे फुटवे वेगळे केले, पाती वीतभर ठेवून वरून छाटली, आणि गुहेच्या उताराला आडव्या दोन ओळी लावल्या. दोन फुटव्यांत साधारण वीतभरापेक्षा कमीच अंतर ठेवले, म्हणजे पुढे त्यांची सलग भिंत होते.

वाळा हे आपल्याच देशातले गवत. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जगभर त्याला ओळखतात ते व्हेटिव्हर या तमिळ नावाने. त्याचे मर्म मुळांत आहे. बहुतेक गवतांची मुळे आडवी पसरतात. वाळ्याची सरळ खाली उतरतात, आणि जमीन अनुकूल असेल तर तीन-चार मीटर खोल जातात. त्यामुळे शेजारच्या झाडाचे अन्न-पाणी ते फारसे ओढत नाही. दाट रांग लावली, की वाहत्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ रांगेमागे अडतो आणि पाणी जमिनीत मुरते. कर्नाटकातील गुंडलुपेटचे शेतकरी बांधांवर हे गवत फार पूर्वीपासून राखत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफिल्ड व रिचर्ड ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी भारतात काम करताना त्याचा पुरस्कार केला, आणि मग ही जुनी विद्या देशोदेशी गेली.

शोभेच्या दृष्टीने म्हणाल, तर वाळा माणसाच्या उंचीपर्यंत वाढतो. त्याची लांब पाती कारंज्यासारखी वर उसळून बाहेर झुकतात. वारा आला की सारी रांग एकदम हलते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळट छटेचे तुरे येतात. मातेच्या जन्मोत्सवाला निसर्गच सजावट करून देतो म्हणाना! क्रोटनचे सौंदर्य स्थिर, चित्रासारखे. वाळ्याचे सौंदर्य हालचालीत आहे. जवळ जाऊन एकेक पान न्याहाळावे तर क्रोटनचे. दुरून पाहावे तर वाळ्याचे.

वाळ्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या वर्षी मुळे धरीपर्यंत त्यालाही पाणी द्यावे लागते; 'गवत आहे, जगेल' म्हणून सोडून दिले तर जगत नाही. उन्हाळ्यात पातींचे शेंडे तांबूस पडतात आणि बाग कळाहीन दिसते. पातीची कड हाताला ओरखडे काढते. वर्षातून एकदा गुडघ्याखाली छाटणी करावीच लागते. अरुंद वाटेच्या कडेला किंवा लहान कुंडीत ते लावू नये. आणि वेदीवर ठेवायला त्यातून काही मिळत नाही.

आणखी एक सावधगिरी. सगळीच शोभेची गवते वाळ्यासारखी नव्हेत. रोपवाटिकांत मऊ, गुलाबी तुऱ्यांचे 'फाउंटन ग्रास' मिळते. दिसते मोहक, पण ते आफ्रिकेकडचे. त्याचे बी वाऱ्याने उडते. हवाई बेटांत आणि अमेरिकेतील ॲरिझोनात ते रानोमाळ पसरले, आणि वाळल्यावर वणव्यांना इंधन पुरवू लागले. आपल्या माळांवर मारवेल, पवना, कुसळी ही गवते आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले, ते अशाच माळावर. तेथे परक्या गवताचे बी पोचवण्याचे पाप आपल्या बागेने करू नये. आपण लावू ते वाळ्याचे वाण बी न धरणारे, फुटव्यांनीच वाढणारे असावे.

गवताला कमी लेखण्याची सवय खरे तर याच जिल्ह्यात मोडली गेली आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपली हयात येथील दुष्काळी गावांसाठी वेचली. त्यांच्या प्रेरणेने पाणलोट विकासाची कामे उभी राहिली, त्यांत पहिली अट असे ती चराईबंदीची. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी मोकाट चराई थांबवली, आणि उघड्याबोडक्या टेकड्यांवर प्रथम परतले ते गवत. पाणी त्याच्या मागून आले. हिवरे बाजारनेही हेच दाखवून दिले. २०२१ साली फादर बाखर देवाघरी गेले. त्यांच्यासाठी पुतळ्याहून मोठे स्मारक म्हणजे त्या हिरव्या टेकड्याच होत.

मग क्रोटन टाकून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाचलेली नऊ झाडे आज व्हरांड्यात डौलाने उभी आहेत. सकाळचे ऊन त्यांना मिळते, दुपारचे नाही. भांडी विसळलेले पाणी, तांदूळ धुतलेले पाणी यांवर ती खुशाल जगतात. साबणाचे पाणी मात्र द्यायचे नाही. सणाच्या दिवशी वेदीच्या पायरीशी त्याच कुंड्या मांडल्या जातात आणि सण संपला की व्हरांड्यात परत येतात. आमचा अनुभव थोडक्यात असा: उघडी जागा, उतार, मुरूम आणि पाण्याची ओढ असेल तेथे वाळा, सावली, जवळची मोरी आणि रोज लक्ष देणारे हात असतील तेथे क्रोटन. पाच-सात कुंड्यांना घरचे सांडपाणी पुरते. चाळीस झाडांच्या वाफ्याला दुसऱ्याच्या तोंडचे पाणी लागते. दोष झाडाचा नव्हता. आमच्या संख्येचा आणि जागेच्या निवडीचा होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात संत फ्रान्सिस असिसीकरांची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा काही भाग कायम तसाच राखावा, म्हणजे तेथे रानफुले व रानवनस्पती आपोआप उगवतील, असे संतांनी आपल्या बंधूंना सांगितले होते. आम्हीही गुहेमागचा एक कोपरा तसाच सोडला आहे. पावसाळ्यात तेथे काय काय उगवते ते पाहायला मुले येतात. फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक ज्या नगरात राहिले, त्या नगरच्या मुलांना एवढे तरी मिळायला हवे.

गेल्या उन्हाळ्यात रांगेच्या बाहेर वाढलेला वाळ्याचा एक ठोंब आम्ही खणून काढला. रांगेतला काढला असता तर भिंत तुटली असती. मुळे स्वच्छ धुतली, सावलीत वाळवली, त्यांच्या लहान लहान जुड्या बांधल्या, आणि मिस्सेनंतर माठात टाकण्यासाठी घरोघर एकेक दिली. काही जुड्या कुंपणापलीकडील वस्तीतही गेल्या. बाबा सर्वांच्या शेवटी आले. जुडी हातात घेऊन त्यांनी ती नाकाशी धरली, बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"ह्या गवताला भाऱ्याचा वास न्हाई," ते म्हणाले, आणि जुडी धोतराच्या सोग्यात बांधून घराकडे निघाले.